नळीवरची घागर

वहिनींच्या उजव्या हाताची तर्जनी कायम काळी असते. साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही, लिंबानं तर मुळीच जात नाही. कोळशाची भुकटी तीस वर्षं कातडीत मुरली की ती बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. पूर्वी चार लोकांत जायचं असलं की त्या ते बोट मुठीत लपवायच्या. आता लपवत नाहीत. का लपवत नाहीत, त्याचीच ही गोष्ट.

वहिनी जगाच्या वहिनी कशा झाल्या, ते आधी सांगायला हवं. पाट्या रंगवायचं दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं. हे भाऊजी सकाळी आठपासून दुकानात हाका मारायला लागत, "वहिनी, पिवळा संपला", "वहिनी, तो डॉक्टरांचा बोर्ड कुठंय", "वहिनी, चहा". येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कानावर तेवढंच पडे. मग गिऱ्हाइकं वहिनी म्हणू लागली, त्यांची मुलं म्हणू लागली, बँकेतला कॅशियर म्हणू लागला. एकदा तर खुद्द वहिनींच्या आईनं दुकानात फोन करून "वहिनी आहेत का?" असं विचारलं, आणि मग मायलेकी दोघी फोनवर पोट दुखेपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर वहिनींना जरा वाईटही वाटलं, पण तेवढ्यात पिवळा संपला होता.

भाऊजी माणूस वाईट नाहीत, हे आत्ताच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे गैरसमज होईल. त्यांना बोलता फार छान येतं. गिऱ्हाईक एक पाटी सांगायला आलं की दोन सांगून जाई. शिवाय त्यांची सही. तिच्या शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून सगळ्या नावाखालून जायची आणि टोकाला एक गिरकी घ्यायची. काम संपलं, गिऱ्हाईक बघायला आलं, की भाऊजी धुतलेला पांढरा शर्ट घालून, नवा ब्रश घेऊन, सगळ्यांदेखत ती सही करत. गिऱ्हाईक पाटीपेक्षा सहीकडेच जास्त बघे. तिला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात वहिनींचं एक आख्खं अक्षर सावलीसकट रंगवून होई.

बाकी सगळं वहिनी करत. सगळं म्हणजे सगळं. सुरुवातीला रेखाटन भाऊजींचं असायचं. मग त्यांच्या पाठीनं आणि डोळ्यांनी आळीपाळीनं संप पुकारले, आणि रेखाटनही मागच्या खोलीत गेलं. ती मागची खोली लांबट, उत्तरेला एक मोठी खिडकी, जमिनीवर तीस वर्षांच्या रंगाचे ठिपके, आणि छताखालच्या दोरीवर चिमटे लावून टांगलेले तपकिरी कागद. ते कागद म्हणजे दुकानाचा प्राण.

मोठ्या भिंतीवर चित्र चढवायची पद्धत अशी. तपकिरी कागदावर भिंतीच्या मापाचं चित्र काढायचं. त्याखाली तसाच दुसरा कोरा कागद ठेवायचा. मग शिंपी कापडावर खुणा करायला वापरतात ते दातेरी चाक रेघांवरून फिरवायचं, म्हणजे दोन्ही कागदांना बारीक भोकं पडतात. वहिनींचे वडील शिंपी होते, आणि ते चाक वहिनी माहेराहून घेऊन आल्या होत्या. चित्राचा कागद गिऱ्हाइकाला पसंतीसाठी जातो, खालचा नुसत्या भोकांचा कागद भिंतीवर लावतात. त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटत न्यायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्या-ठिपक्यांचं चित्र. बोट काळं होतं ते इथे.

आता भोकांच्या कागदाला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे नुसतं बघून कळत नाही. त्यावर दुकानाचा उपाय साधा होता. भाऊजींची सही चित्राबरोबरच कोपऱ्यात टोचली जायची. सही सुलटी वाचता आली की कागद सुलटा. वहिनी भिंतीवर कागद लावताना दुसरं काही बघतच नसत. तीस वर्षं त्यांनी दिवसाची सुरुवात भाऊजींचं नाव वाचून केली.

स्वतःच्या नावाचाही एक कागद त्यांनी टोचून ठेवला होता. लेक लहान होती, दुपारची झोपली होती, आणि हातात तपकिरी कागदाचा एक तुकडा उरला होता. तीन अक्षरं, वळणदार, शेपटी-बिपटी काही नाही. तो तुकडा त्यांनी ब्रशांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी ठेवला. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. वापरायचा कधी प्रश्नच आला नाही, आणि टाकूनही देववला नाही.

घरातला चौथा माणूस म्हणजे वहिनींचे यजमान, भाऊजींचे थोरले बंधू. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते शिडी धरतात. त्यांना उंचीची भीती. स्वतः चढायचं तर राहोच, वर चढलेल्या माणसाकडे नुसतं पाहिलं तरी त्यांना गरगरतं. म्हणून ते शिडी धरून आपल्या पायांकडे बघत उभे राहतात आणि खालून बातम्या सांगतात. बायको वर, नवरा खाली, असा संसार गावात दुसरा नव्हता. कुणी टोमणा मारला तर ते म्हणत, "ती पडली तर माझ्या अंगावर पडेल, एवढी जबाबदारी मी घेतलेली आहे."

छापील फ्लेक्स आले आणि गावातले बाकीचे पेंटर एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले. हे दुकान टिकलं ते भिंतींमुळे. आणि त्यातच ती भिंत आली.

गावाबाहेर कापड रंगवायचा कारखाना आहे, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून ओढा वाहतो. त्या बाजूला इतकी वर्षं काटेरी झुडपं होती, कुणी जात नसे. कारखान्याच्या खाली ओढ्याचं पाणी कधी निळं, कधी लालसर दिसे; ते कुठून येतं यावर गावात मतं भरपूर होती, पण पाहिलेलं कुणी नव्हतं. आता नगरपालिकेनं पलीकडच्या काठावर फिरायला फरसबंदी रस्ता केला, बाकडी ठेवली, एक छोटा पूल टाकला. समोर दिसणार ती कारखान्याची कळकट भिंत. तेव्हा कारखान्याच्या मालकांनी जाहीर केलं की या भिंतीवर ते स्वखर्चानं नदीचं भव्य चित्र काढून देतील. मालक कविता करत. त्यांना ओढा म्हणणं जिवावर येई, म्हणून नदी.

ते दुकानात आले, भाऊजींच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "नदी म्हणजे स्त्री. सडपातळ. लांब केस. चेहऱ्यावर समाधान. हातात घागर, आणि घागरीतलं पाणी ती उजवीकडे, आमच्या फाटकाच्या दिशेनं ओततेय."

"वा," भाऊजी म्हणाले.

"वय किती?" मागच्या खोलीतून आवाज आला.

मालकांनी डोळे उघडले. "कुणाचं?"

"नदीचं." वहिनी हात पुसत दारात आल्या.

मालक विचारात पडले. "पंचवीस?"

"माझ्या सासूबाईंच्या सासूबाई त्या ओढ्यावर धुणं धुवायच्या. इतकी वर्षं गावाची घाण काढून ही पंचविशीची, सडपातळ आणि समाधानी? माझी जरा ओळख करून द्या हिच्याशी."

मालक मोठ्यानं हसले. वहिनी विनोद करतायत असं त्यांना वाटलं. भाऊजींनी डोळे वटारले. मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भिंतीच्या डाव्या टोकाला खाली एक नळी बाहेर आलेली आहे, पावसाचं पाणी जायला. ती बरी दिसत नाही, तेव्हा तिच्यावर लव्हाळी वगैरे काढून ती झाकून टाकावी.

वहिनींनी चित्र काढलं ते खोलीच्या जमिनीवर, कागदाच्या चारी बाजूंनी रांगत. केस लांब काढले, चेहरा हसरा काढला. दंड मात्र त्यांच्या हातून भरलेले आले. मालक बघून म्हणाले, "हात जरा दणकट वाटतात." वहिनी म्हणाल्या, "घागर भरलेली आहे, साहेब." चित्र मालकांना इतकं आवडलं, की टोचून झाल्यावर ते कचेरीत भिंतभर लावायला पाठवा, असं सांगून ते गेले.

त्याच संध्याकाळी वहिनींनी भाऊजींपुढे चहा ठेवला आणि बसल्या. एरवी त्या चहा ठेवून जात, त्यामुळे भाऊजी सावध झाले.

"भाऊजी, या भिंतीवर माझं नाव येऊ दे."

"नाव?"

"चित्र मी काढलंय. टोचणार मी, रंगवणार मी. तुमचं नको असं नाही म्हणत. माझंही हवं."

भाऊजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, पुन्हा कपात ओतला. "लोकांना सवय असते हो एका नावाची," ते म्हणाले. "बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू. तूर्त कोपरा मोकळा ठेवा. शेवटी ठरवू काय ते."

वहिनींनी कोपरा मोकळा ठेवला. त्यांना नाव हवं होतं, आणि फार हवं होतं. पैसा नको, हार नको, भाषण तर देवाशपथ नको. गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि लेकीला बोट दाखवून सांगता येईल अशी एक ओळ कुठे नव्हती. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. त्या रात्री यजमानांना बोलल्या. यजमान म्हणाले, "माग. मी शिडी धरतो."

लेक शाळेत गाणं शिकवते. उद्घाटनाचं गाणं तिच्याकडे आलं होतं, अर्थातच मालकांनी रचलेलं. नऊ कडवी. ती कागद घेऊन भिंतीपाशी आली आणि परांचीवर बसलेल्या आईला वाचून दाखवू लागली.

"सोशिक तू गे, शीतल तू गे, मूक राहुनी वाहत जा गे," ती म्हणाली. "आई, नऊच्या नऊ कडव्यांत नदी एकदाही तोंड उघडत नाही."

"सासूबाईंना आवडलं असतं हे गाणं," खालून तिचे वडील म्हणाले.

"आणि म्हणे फक्त मुली हव्यात, पांढऱ्या कपड्यांत. पेटी चालेल. शाळेचा मोठा ड्रम नको. तो पुरुषी वाटतो."

"मग?" वहिनींनी वरून विचारलं.

"मग काय, ड्रम मी स्वतः वाजवणार. पंचवीस पोरींना ताल काय नदी धरणार आहे?"

आता त्या चुकीकडे येऊ. ती फार साधेपणानं झाली. पहाटे वारा पडलेला असताना वहिनी परांचीवर चढल्या, यजमान खाली पायांकडे बघत उभे, आणि वहिनींनी सवयीनं कागदाच्या कोपऱ्यात सही शोधली. सही नव्हती. कोपरा मोकळा होता, कारण तो मोकळा ठेवायचं ठरलं होतं. क्षणभर त्या घुटमळल्या. मूळ चित्र मालकांच्या कचेरीत भिंतीवर. मग "हीच बाजू" असं म्हणून त्यांनी खिळे ठोकले आणि पुरचुंडी थापटायला घेतली.

कागद उलटा लागला होता.

विचाराल की नंतर कसं कळलं नाही? माणसाच्या उंचीचा चेहरा, ताटाएवढा एक डोळा, आणि आपण त्याच्यापासून हातभर अंतरावर. तिथून ते नाक आहे की डोंगर हेसुद्धा नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी नाकाशी वहिनींना काहीतरी खटकलं होतं. पण चित्र जमिनीवर चारी बाजूंनी रांगत काढलेलं, त्यामुळे ते नाक त्यांनी सगळ्या दिशांनी पाहिलेलं होतं. समोरून पाहावं तर उद्घाटनासाठी परांचीवरून खालपर्यंत कापड सोडलेलं. त्या वरून खाली रंगवत आल्या. तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत ओढ्याचं पाणी एकदाही रंगलं नाही, आणि गाव म्हणू लागलं की नुसतं चित्र काढायला घेतलं तर ओढा सुधारला.

उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना परांचीच्या खालच्या फळ्या काढल्या, आणि त्यांच्याआड गेलेली नळी दिसू लागली. यजमानांचं डोकं तेवढ्याच उंचीला येत होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कामाकडे मान वळवून पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "तू घागर नळीवर का ठेवलीस?"

वहिनी खाली उतरल्या. कापडाच्या आतून, भिंतीला चिकटून, त्यांनी पाहिलं. नदी डावीकडे तोंड करून उभी होती. हसऱ्या चेहऱ्यानं, दणकट हातांनी तिनं घागर कलती केली होती, आणि घागरीच्या तोंडाशी, माप घेऊन बसवल्यासारखी, बरोबर ती नळी. चूक वहिनींकडून फारशी होत नसे, आणि झाली ती चांगली दोन मजली झाली.

मग सवयीनं त्यांनी नळीच्या आत नखानं खरवडून पाहिलं. निळा पापुद्रा निघाला. त्याखाली लाल. त्याखाली पिवळा, मग पुन्हा निळा. दुकानातल्या जुन्या डब्याच्या झाकणाला असतो तसा थरांवर थर. पाऊस काही इतक्या रंगांचा पडत नाही.

त्यांनी भाऊजींना बोलावून आणलं आणि सगळं सांगितलं. कागद उलटा लागला, हेही सांगितलं. "दोन दिवस द्या. घागर पुसून हात सरळ करते. आणि ही नळी पावसाची नाही, भाऊजी. आत बघा."

भाऊजींनी आत पाहिलं नाही. त्यांनी कापड थोडं बाजूला करून चित्राकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "वहिनी, नळीच घागरीचं तोंड झालीय. काय कल्पना आहे. लव्हाळी वगैरे कुणीही काढेल. हे कुणाला सुचणार?"

"सुचलं नाही हो, चुकलं."

"ते कशाला कुणाला सांगायचं? राहू दे असंच. नळी कोरडी आहे, मालक स्वतः म्हणाले." मग ते कोपऱ्याकडे वळले. कागद उलटा लागल्यामुळे तो मोकळा कोपराही डावीकडे, घागरीच्या बाजूला आला होता. भाऊजी मान कलती करून म्हणाले, "सही इथे चांगली बसेल. आणि असं बघा, वहिनी, कल्पना शेवटी माझी ठरली. तेव्हा यावेळी एकच नाव असू दे. पुढच्या भिंतीला बघू."

वहिनींना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. चूक त्यांची, कल्पना भाऊजींची. त्यांनी ब्रश धुतले, डबा बंद केला आणि घरी येऊन खसाखसा बोट घासलं. ते अर्थातच निघालं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी पलीकडच्या काठावर सगळं गाव जमलं. कापड ओढलं, टाळ्या पडल्या. समोरून पहिल्यांदाच दिसलेली ती नदी खरोखर देखणी होती. वहिनींना स्वतःलाच क्षणभर ओळखू येईना. मालक जरा गोंधळले. "ही फाटकाकडे बघणार होती ना?" ते पुटपुटले. पण लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून तेही वाजवू लागले. मग ते बोलायला उभे राहिले. कार्यक्रम अकराला आटपायचा होता. मालकांनी आधी नदीवर भाषण केलं, मग स्वतःच्या गाण्याची नऊ कडवी वाचून दाखवली, आणि प्रत्येक कडव्याचा अर्थ सांगितला, कारण लोकांना कळेल की नाही अशी त्यांना शंका होती. बारा वाजत आले तेव्हा ते बसले.

मुली उभ्या राहिल्या. लेकीनं मोठा ड्रम पुढे ओढला. मालकांनी तोंड वाकडं केलं, तिनं पाहिलं नाही. गाणं चालू असताना आर्टिस्टनं सही करायची असं ठरलं होतं. भाऊजी पांढराशुभ्र शर्ट घालून पुलावरून भिंतीपाशी गेले. यजमानांनी स्टूल धरलं. शेजारी रंगाचे डबे घेऊन वहिनी. भाऊजींनी नवा ब्रश बुडवला आणि हात उचलला. मुली चौथ्या कडव्यावर आल्या होत्या: "निर्मळ निर्मळ धार तुझी गे."

बाराचा भोंगा झाला.

हे नंतर कळलं, की तीन आठवडे कारखान्याचं पाणी आत टाकीत साठवून ठेवलं होतं, आणि चावीवरच्या कामगाराला सांगितलं होतं, कार्यक्रम अकराला संपतो, तू आपला बाराला सोड. त्यानं बाराला सोडलं. कामाला चोख माणूस.

घागरीनं आधी घसा खाकरल्यासारखा आवाज केला. मग गर्द जांभळं पाणी भसकन बाहेर आलं, कमान करून ओढ्यात पडलं, आणि पडता पडता भाऊजींचा शर्ट न्हाऊ घालून गेलं. नदी हसतमुखानं ओततच राहिली.

मुलींचं गाणं थांबलं. पेटी थांबली. लेकीचा हात मात्र तालावर होता, आणि त्या शांततेत ड्रम एकटाच वाजला, धडाम. पहिली एक मुलगी हसली, मग पंचवीस हसल्या, मग सगळा काठ हसू लागला. बाकड्यावरचे म्हातारे एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. इतक्या वर्षांचा वाद मिटला होता, पाणी कुठून येतं याचा.

मालक उभे राहिले. "आर्टिस्ट," पलीकडून त्यांनी आवाज दिला, "ही घागर तिथे कुणी काढली?"

भाऊजी स्टुलावर उभे होते. ब्रश हातात, हनुवटीवरून जांभळे थेंब गळतायत. त्यांनी मालकांकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, आणि ब्रश वहिनींच्या हातात दिला.

"वहिनींनी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "चित्र वहिनींचं आहे, साहेब. पहिल्या रेघेपासून. मी ब्रशसुद्धा लावलेला नाही. आजचं सोडा, तीस वर्षं झाली, सगळं त्याच करतात."

आपण काय बोलून गेलो ते भाऊजींना कळलं, पण शब्द ओढ्यापलीकडे पोचले होते. वहिनींनी या वाक्याची किती वाट पाहिली होती. ते आलं ते असं, घाबरून, स्वतःची कातडी वाचवण्यासाठी, ओल्या शर्टात. पण आलं. त्यांना हसू आवरेना आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम.

"हो, मी काढलंय," त्या म्हणाल्या. आवाज मोठा करायची त्यांना सवय होती, परांचीवरून बोलून बोलून. "कागद उलटा लागला. चूक माझी. पाणी मात्र तुमचं आहे, साहेब."

मालकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नऊ कडव्यांचा हा कवी तसाच उभा राहिला.

वहिनींनी ब्रश बाजूला ठेवला. पत्र्याचा डबा उघडला, तळातून सव्वीस वर्षांपूर्वीचा तो तपकिरी तुकडा काढला. घडीवर विटला होता, पण भोकं शाबूत होती. भाऊजी स्टुलावरून उतरले, त्या चढल्या. यजमानांनी मान वर केली. त्यांना नक्कीच गरगरलं असणार, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

कोपरा मोकळाच होता. वहिनींनी तुकडा भिंतीला लावला, नाव वाचलं. काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग पुरचुंडी थापटली, आणि त्या ठिपक्यांवरून काळ्या बोटाच्या हातानं सावकाश तीन अक्षरं रंगवली. शेजारी जांभळं पाणी पडतच होतं. लेकीनं ड्रमवर एकेका अक्षराला एकेक ठोका दिला. मालकांना काय वाटलं ते तिनं विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात. मालकांचा निरोप आला, भिंतीला ताबडतोब चुना फासा. पण एवढ्या उंच भिंतीवर चढणारं गावात एकच माणूस उरलं होतं, आणि वहिनींनी गोड शब्दांत कळवलं की हातातली कामं संपली की बघू. 'बघू' म्हणजे काय, ते त्या चांगल्या शिकल्या होत्या. इकडे लोक रोज संध्याकाळी घागर बघायला येऊ लागले. "आज हिरवी आहे", "काल नारिंगी होती", अशा बातम्या गावभर फिरत. शाळेतल्या मुलींनी मालकांच्याच चालीवर रंगांची नावं घालून नवं गाणं केलं, आणि त्यात नदी पहिल्या ओळीपासून बोलते. ड्रमही आहे. हे दोन महिने चाललं. मग कारखान्यानं पाणी गाळायची यंत्रं बसवली. आता घागरीतून पडतं ते काही पिण्यासारखं नाही, पण निदान त्याचा रंग सांगता येत नाही. मालक हल्ली पाहुण्यांना घेऊन येतात आणि "ही आमची घागर" म्हणून दाखवतात. कवी माणूस, त्याला काय बोलायचं.

वहिनींनीही एक गोष्ट केली, जी त्यांनी आपणहून कुणाला सांगितली नाही. दुकानातली ब्रश धुतलेल्या तेलाची बादली तीस वर्षं मागच्या गटारात रिकामी होत होती, आणि ते गटार त्याच ओढ्याला मिळतं. नळीतले रंगांचे थर खरवडताना त्यांना तेच आठवलं होतं. आता बादलीशेजारी झाकणाचा मोठा डबा आहे, आणि त्यात ओतायला विसरणाऱ्याला चहा मिळत नाही. भाऊजी दोनदा विसरले, तिसऱ्यांदा नाही.

परवा दवाखान्याच्या भिंतीचं काम आलं. वहिनींनी जमिनीवर चित्र पुरं केलं, खाली कोरा कागद सरकवला, दातेरी चाक फिरवत टोकापर्यंत आल्या आणि उठल्या. भाऊजी पुढच्या खोलीतून बघत होते. ते उठून आले, चष्मा लावून कागदावर वाकले, आणि चारी कोपरे पाहून म्हणाले, "वहिनी, नाव राहिलं."

"कुणाचं?" वहिनींनी विचारलं.

"तुमचंच की. नाहीतर कळणार कसं, कागद कुठून सुलटा आहे ते?"

वहिनी पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी चाक उचललं.